आधी धुराचा रस्ता, मग गरम पाणी

छोट्या बोटीवर पाणी तापवायला काय घ्यावं, असं कुणी विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: टाकी किती लिटरची? मी आधी दुसरंच विचारतो. ज्योत कुठे पेटणार, तिला हवा कुठून मिळणार आणि तिचा धूर कुठून बाहेर जाणार? याची उत्तरं नीट मिळाली तर लिटर नंतर ठरवता येतात.

आमची 28 फुटी शिडाची बोट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलंटच्या पाण्यात असते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न कुणाला पडायचा नाही. इथे मात्र मार्चमध्ये समुद्र जेमतेम 9-10 अंशांवर असतो आणि ऐन ऑगस्टमध्येही 17-18 च्या फारसा वर जात नाही. गोड्या पाण्याची टाकी बोटीच्या पोटात, जलरेषेखाली. त्यामुळे नळाला येणारं पाणी समुद्राइतकंच गार. दिवसभर खारा वारा अंगावर घेतल्यावर गरम पाणी ही चैन राहत नाही, आणि म्हणूनच माणूस हाताला लागेल ते यंत्र चालवायला तयार होतो.

बोट घेतली तेव्हा तिच्यात ओट्याच्या वर भिंतीवर गॅसचा गिझर बसवलेला होता. नळ सोडला की ज्योत भडकते आणि लगेच गरम पाणी येतं, तसला. 1980 च्या दशकातल्या कितीतरी बोटींवर असे गिझर दिसतात. जळायला लागणारी हवा तो केबिनमधूनच घेतो आणि धूर एका नळीतून छतावर सोडतो. म्हणजे निदान तशी अपेक्षा असते.

ऑक्टोबरमध्ये पुण्याहून मावसभाऊ आणि वहिनी आले होते. आम्ही वाइट बेटावरच्या न्यूटाउन क्रीकमध्ये नांगर टाकला. पाऊस लागला होता म्हणून वरच्या खिडक्या आणि दार सगळं लावून घेतलेलं. आधी भांडी झाली, मग एकामागून एक आंघोळी. तासाभरात वहिनींचं डोकं ठणकायला लागलं, पाठोपाठ उलटी झाली. भाऊ म्हणाला, बोट लागली असेल, पड जरा. वहिनी म्हणाल्या, "भावजी, इथे तर पाणीसुद्धा हलत नाहीये, मग बोट लागेल कशी?" त्यांना बाहेर सुकाणूपाशी बसवलं तर दहा मिनिटांत बरं वाटलं, आत आल्या की पुन्हा मळमळ. तेवढ्यात माझ्या बायकोचंही डोकं दुखू लागलं आणि मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गॅस सिलिंडरपाशीच बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, सगळे पावसात बाहेर बसलो आणि वायरलेसवर मदत मागितली. रुग्णालयात दोघींना ऑक्सिजन दिला. सुदैवाने त्यातून दोघी सुखरूप बाहेर आल्या.

नंतर परवानाधारक गॅस तंत्रज्ञाने गिझर उघडला. आतल्या तांब्याच्या पात्यांवर काजळीचा थर होता आणि छतावरच्या नळीचं तोंड मिठाने आणि गंजाने निम्मं बुजलेलं होतं. धुराला वर वाट मिळेना, म्हणून तो केबिनमध्येच उतरत होता.

मोठ्या घरात हेच घडलं तर थोडी सवलत मिळते, बोटीत ती मिळत नाही. 10 किलोवॉटचा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला सुमारे 10 घनमीटर हवा खातो. आमच्या अख्ख्या केबिनमध्ये साधारण तेवढीच हवा असेल. ती कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पुण्या-मुंबईत लहानशा बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून माणसं गुदमरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, त्यामागचं कारण हेच. बोटीवर आणखी एक फसवणूक असते. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, उलटी ही या विषबाधेची लक्षणं आणि बोट लागण्याची लक्षणं सारखीच. समुद्रावर कुणी आजारी पडलं की सगळे त्याला खाली केबिनमध्ये निजवतात, म्हणजे जिथे विष आहे नेमकं तिथेच. म्हणून हा एक नियम पाठ करावा: पाणी शांत असताना कुणाला बोट लागली, किंवा एकापेक्षा जास्त जणांना एकदम लागली, तर आधी सगळ्यांना बाहेर काढायचं.

आणि हा दोष फक्त गॅसचा नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेचे अहवाल मी त्यानंतर बसून वाचले. एप्रिल 2013 मध्ये विंडरमीअर सरोवरावर ‘आर्निस्टन’ नावाच्या बोटीत आई आणि तिची लहान मुलगी गेली, ती जनरेटरच्या धुराने. त्याची धूर बाहेर नेणारी नळी घरगुती जुगाडाची होती. जून 2016 मध्ये नॉरफकमधल्या रॉक्सम इथे ‘लव्ह फॉर लिडिया’वर दोघं गेले, पेट्रोल इंजिनाच्या धुराने. डिसेंबर 2019 मध्ये यॉर्कला ‘डायव्हर्जन’ नावाच्या बोटीत आणखी दोघं गेले. तिथे डिझेलवर चालणारा केबिन हीटर होता आणि त्याची धुराची नळी सायलेन्सरपासून सुटली होती. डिझेलचा हीटर म्हणजे निर्धोक, असं मानणाऱ्यांनी हा शेवटचा अहवाल जरूर वाचावा. दोष धुराच्या नळीच्या जोडात होता.

आता निवडीकडे येतो. केबिनमधली हवा घेऊन जळणारा गिझर बोटीवर असेल तर मी तो काढायलाच सांगेन. दुरुस्ती करून ठेवू, खिडकी उघडी ठेवू, असं लोक म्हणतात. पण खिडकी उघडी ठेवण्याचा नियम पहिल्या पावसात मोडतो. गॅसच हवा असेल तर हवा आणि धूर दोन्ही बाहेरच्या बाहेर ठेवणारा, पूर्ण बंदिस्त गिझर घ्यावा. तोही बोटीच्या गॅसकामाचा परवाना असलेल्याकडून बसवून घ्यावा. सिलिंडरची जागा वेगळी हवी आणि तिच्या तळाला समुद्राकडे उघडणारं भोक हवं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर बोटीच्या तळाशी जाऊन साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. थंडीत जाणार असाल तर ब्युटेनऐवजी प्रोपेन घ्या, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचंच थांबतं.

आम्ही गॅसचा नाद सोडला. शिडाच्या बोटीचं इंजिनसुद्धा बंदरात शिरताना, निघताना आणि वारा पडल्यावर चालतंच. त्या वेळी त्याची उष्णता समुद्रात फुकट जाते. ती पकडणाऱ्या टाकीला इथे कॅलोरिफायर म्हणतात. जाड वेष्टण असलेली टाकी, तिच्यात वेटोळं, वेटोळ्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरतं आणि टाकीतलं गोडं पाणी तापतं. नवी ज्योत नाही, नवा धूर नाही. त्यातच विजेचा एक हीटर असतो, तो धक्क्यावर वीज मिळाली की वापरायचा. आम्ही 22 लिटरची घेतली.

ही टाकी घेण्याआधी इंजिन कुठल्या जातीचं आहे ते पाहा. वेगळं गोडं पाणी आत फिरवणारं इंजिन 75-80 अंशांपर्यंत तापतं आणि अर्ध्या-पाऊण तासात टाकी कढत होते. समुद्राचं पाणी थेट आत घेणारी जुनी इंजिनं मात्र साठ अंशांच्या आतच चालवतात, नाहीतर आत क्षार साचतात. त्यांच्यावर पाणी कोमटाच्या थोडंच पुढे जातं. विक्रेता हे आपणहून सांगतोच असं नाही. टाकी शक्यतो इंजिनाच्या पाण्याच्या पातळीखाली बसवावी. वर बसवली तर वेटोळ्यात हवा अडकते, पाणी फिरतच नाही आणि दोष टाकीला दिला जातो.

मिश्रण-झडपेत काटकसर नको. इंजिनाने तापवलेलं पाणी सरळ नळाला आलं तर लहान मुलाचा हात क्षणात भाजेल; ही झडप त्यात गार पाणी मिसळून ते सोसेल इतकं करते. दाब सोडणारी झडपही हवीच. 22 लिटर पाणी 15 वरून 70 अंशांवर गेलं की जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. त्या फुगवट्याला जागा देणारं छोटं भांडं लावलं नाही तर दर वेळी तेवढं गोडं पाणी झडपेतून बोटीच्या तळात जातं आणि आपण आठवडाभर गळती शोधत बसतो.

टाकी मोठी घेण्याचा मोह आवरावा. 22 लिटर पाणी 75 अंशांवर असेल तर गार पाणी मिसळून आंघोळीजोगं सुमारे 50 लिटर होतं. बोटीवर पिण्याच्या पाण्यासकट एकूण साठाच दीडशे लिटर असेल, तर आधी संपणार ते गोडं पाणी. शिवाय पाण्याचं वजन एका बाजूला आलं की बोट कलते. कमी पाणी सोडणारा शॉवर लावा, किंवा सरळ बादली-तांब्या घ्या. शॉवरपेक्षा निम्म्या पाण्यात आंघोळ होते आणि आपल्याला ती शिकवावी लागत नाही.

बॅटरीवर पाणी तापवण्याची कल्पना मनातून काढून टाका. 22 लिटर पाणी 15 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 1.15 युनिट वीज लागते. 12 व्होल्टच्या हिशेबात ते जवळजवळ 96 अँपिअर-तास होतात, वर इन्व्हर्टरचा अपव्यय. रात्रीचे दिवे आणि वायरलेस ज्या बॅटरीवर चालतात ती आंघोळीत संपवायची नाही. धक्क्याच्या विजेचाही अंदाज घ्यावा. काही बंदरांत 16 अँपिअर मिळतात, काही ठिकाणी 6 च. 6 अँपिअर म्हणजे 1380 वॉट. 750 वॉटचा हीटर त्यावर चालतो, पण सोबत विजेची किटली लावली की खटका पडतो. म्हणून हीटर 750 चाच बरा. दीड तास लागतो, लागू दे.

बोट बरेच दिवस उभी असेल तर टाकीतल्या कोमट पाण्यावर विसंबू नका. 20 ते 45 अंशांत लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. जुनं पाणी सोडून द्यावं, नवं 60 च्या वर तापवावं, मग वापरावं. हिवाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करावी. आत बर्फ झाला तर वेटोळं फुटतं.

शनिवार-रविवारपुरते जाणाऱ्यांनी यातलं काहीच घेतलं नाही तरी चालेल. दोन लिटर उकळत्या पाण्यात गार पाणी मिसळलं की जवळजवळ सात लिटर आंघोळीचं पाणी होतं आणि एक चांगला थर्मास ते उकळलेलं पाणी सकाळपर्यंत गरम ठेवतो. शेगडीही केबिनचीच हवा खाते, तेव्हा ती पेटलेली असताना वरची खिडकी उघडी ठेवावी आणि केबिन ऊबदार करायला ती कधीही वापरू नये.

काहीही बसवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. ब्रिटनच्या नद्या-कालव्यांवरच्या बहुतेक बोटींना तो 1 एप्रिल 2019 पासून सक्तीचा आहे. समुद्रावरच्या खासगी बोटींना ती सक्ती नाही, म्हणून तो आपणच लावायचा. बोटी आणि कॅराव्हॅनसाठीचं मानक ईएन 50291-2 आहे, ते खोक्यावर पाहून घ्या आणि मागे छापलेली मुदत वाचा. आपली बोट दुसऱ्या बोटीला लागून बांधली असेल तर तिच्या इंजिनाचा धूरही आपल्या केबिनमध्ये येऊ शकतो, तेव्हा आपल्याकडे काहीच पेटलेलं नसतानाही अलार्म चालू राहिला पाहिजे.

अलार्म वाजला तर आधी माणसं बाहेर, मग गॅस आणि इंजिन बंद, मग वायरलेसच्या चॅनल 16 वर मदत. कोविडपासून अनेकांच्या सामानात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो. त्यावर 98 दिसलं म्हणून थांबू नका. रक्ताला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनसारखाच दिसतो. डॉक्टरांना लक्षणं कधी सुरू झाली आणि माणूस बाहेर कधी आला, ती वेळ सांगा. साध्या हवेत चार-पाच तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, त्यामुळे उशिरा घेतलेल्या रक्ताच्या तपासणीवरून किती बाधा झाली होती ते वेळेच्या हिशेबाशिवाय कळत नाही.