मांजराचा आहार

गतवर्षी वर्गात एका विद्यार्थ्याने अभिमानाने सांगितले, "आमची मनी शाकाहारी आहे, दूधपोळीच खाते." वर्ग हसला, मला मात्र मनीची चिंता वाटली.

सुरतेत प्राणिदया फार जुनी आहे. १६८९ साली प्रवासास निघून येथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रजाने नगराबाहेर वाणी लोकांनी चालविलेल्या प्राण्यांच्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. तेथे गाई, घोडे, शेळ्या, कुत्री यांची शुश्रूषा होत असे. परंतु गाईला चारा घालून भागते, तसे मांजराचे भागत नाही. त्याचा देह मांसावरच पोसला जावा असा घडलेला आहे. टॉरीन नावाचे द्रव्य मांसात असते, धान्यभाज्यांत जवळजवळ नसते, आणि मांजराला ते स्वतःच्या शरीरात पुरेसे निर्माण करता येत नाही. त्याच्या अभावी मांजराच्या नेत्रातील पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदयही दुर्बल होऊन फुगते, हे १९८७ साली. दुधाचे म्हणाल, तर पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचतही नाही.

मग खाटकाकडून मांस आणून घातले की झाले, असे कोणी म्हणेल. तेवढ्यानेही भागत नाही. मांसात फॉस्फरस विपुल, पण कॅल्शियम अत्यल्प असते. नुसत्या मांसावर वाढणारे पिल्लू आपल्याच हाडांतील कॅल्शियम खर्ची घालते, आणि एखाद्या साध्या उडीत त्याचा पाय मोडतो. रानातले मांजर उंदीर हाडांसह, काळजासह खाते; म्हणून त्याचे सारे भागते. (उंदराला हे ऐकून समाधान वाटणार नाही!) काळीज आवश्यक खरे, पण तेही अति झाले तर 'अ' जीवनसत्त्वाच्या आधिक्याने मानेची हाडे आखडतात. काही जातींच्या कच्च्या माशांत 'ब१' जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते.

कच्च्या मांसात आणखी एक धोका आहे, तो जंतूंचा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. संसर्ग कोंबडीच्या मांसातून झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. वाघ हा मांजराच्याच कुळातला. शीतपेटीत गोठविल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, केवळ स्वस्थ पडून राहतात. घरात तान्हे मूल, गर्भवती स्त्री वा आजारी वृद्ध असेल, तर मांजराला कच्चे मांस मुळीच घालू नये. इतरांनी घालायचेच ठरविले, तर ताजे आणावे, सुरी व फळी निराळी ठेवावी, हात साबणाने धुवावेत आणि बशीत उरलेले अर्ध्या तासात उचलावे. आपल्या उन्हाळ्यात त्याहून अधिक वेळ नको.

माझे मत विचाराल, तर मांस शिजवूनच घालावे. हाडे मात्र शिजवून देऊ नयेत. त्यांच्या कपच्या घशात रुततात. त्यांच्याऐवजी अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड मिसळावी, आणि तिचे व काळजाचे प्रमाण पशुवैद्यास विचारून ठरवावे. टॉरीन वेगळे द्यावे लागेल काय, हेही त्यांनाच विचारावे. शिजविताना टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी ओतून न देता मांसातच कालवावे. त्यात कांदा-लसूण मात्र कधीही नसावा. त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.