वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : डॉक्टरांच्या पहिल्या भेटीपूर्वी

कोसल देशाचा राजा प्रसेनजित एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत भगवान बुद्धांच्या दर्शनास आला, अशी कथा संयुक्त निकायात आहे. राजाला द्रोणभर भात लागत असे. भगवंतांनी त्याला अधाशी म्हणून हिणविले नाही. मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात, असा उपदेश केला. तो उपदेश रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखविण्याचे काम राजाने सुदर्शन नावाच्या तरुणावर सोपविले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला व शरीर हलके झाले.

या कथेतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. स्थूल माणसाची टिंगल करू नये, आणि त्याला एकटे सोडू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वसविलेल्या आमच्या जयसिंगपुरात, भोवतालच्या ऊसपट्ट्यात, मधुमेह, रक्तदाब व गुडघेदुखी घरोघरी पोहोचली आहे. डॉ. बाबासाहेबांचे शरीरही मधुमेहाने पोखरले होते, हे आपण जाणतोच. स्थूलता हा आळशीपणा नसून आजार आहे. आनुवंशिकता, अंतःस्राव, काही औषधे, झोप व मनःस्थिती यांचा त्यात वाटा असतो. म्हणून काहींना केवळ मिताहाराने गुण येत नाही व डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार सुचवितात. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून महाराष्ट्रात तिची बरीच चर्चा झाली.

शस्त्रक्रिया म्हणजे काय?

ही चरबी कापून काढण्याची क्रिया नव्हे. ती बहुधा दुर्बिणीतून करतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. 'बायपास' प्रकारात जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्यास जोडतात. भूक व अंतःस्राव दोन्ही बदलतात, त्यामुळे मधुमेहही पुष्कळदा आटोक्यात येतो. परंतु रक्तस्राव, जोड गळणे, रक्ताच्या गुठळ्या असे धोके असतात, आणि काही वर्षांनी वजन पुन्हा वाढूही शकते.

आपण या मर्यादेत येतो काय, हे घरीच पाहता येते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.५५ मीटर व वजन ९० किलो असेल, तर १.५५ × १.५५ = २.४० आणि ९० ÷ २.४० = ३७.५. या आकड्यास बीएमआय म्हणतात. आपल्याकडे ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार जोडीला असल्यास ३२.५, ही मर्यादा बरीच वर्षे धरली गेली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करण्यास मोकळीक दिली. अंतिम निर्णय मात्र तपासणीनंतरच होतो.

खरे सांगणे हीच मुख्य तयारी

विनयपिटकाच्या महावग्गात चांगल्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. त्यांपैकी एक असा, की तो आपला आजार शुश्रूषा करणाऱ्यास आहे तसा सांगतो. आमच्या माहितीतील एका भगिनीची हकिकत येथे सांगतो. दिवसाची मजुरी बुडवून ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. शेजारी सासरे बसले होते. डॉक्टरांनी खाण्याविषयी विचारले, तेव्हा "थोडंच जेवते," एवढेच ती बोलली. ती फेरी वाया गेली. दुसऱ्या खेपेस धाकट्या बहिणीला घेऊन गेली आणि म्हणाली, "डॉक्टर, मी रात्री उठून खाते. मिश्रीपण लावते." त्या दिवसापासून तिच्या उपचाराची खरी सुरुवात झाली.

म्हणून मिश्री, तंबाखू, विडी, दारू, रात्रीचे खाणे, मनाची उदासी यांपैकी काही लपवू नये. तंबाखूमुळे जखम भरण्यास वेळ लागतो व बायपासनंतर व्रण होण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर चढते, तेव्हा पंचशीलातील पाचवे शील येथे औषधाइतकेच मोलाचे आहे. जोरात घोरणे व झोपेत श्वास अडकणे हेही सांगावे, कारण भूल देताना ते महत्त्वाचे ठरते.

बरोबर काय न्यावे?

१. जुने केसपेपर, रक्त, साखर, थायरॉईड व सोनोग्राफीचे अहवाल, तारीखवार लावून.
२. चालू औषधांची पाकिटे. झाडपाल्याचे वा गावठी औषध घेत असल्यास तेही.
३. आठ दिवसांच्या खाण्याची वही. साखरेचा चहा, फरसाण, लग्नातील जेवण, सर्व लिहावे.
४. वजन कधी वाढले, कोणते उपाय केले, किती उतरले व पुन्हा कसे चढले, याची टिपणे.
५. विश्वासाचे एक माणूस.

काय विचारावे?

कालामांना भगवंतांनी सांगितले, की केवळ कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या. डॉक्टरांना नम्रपणे पण नि:संकोच विचारावे. मला कोणता प्रकार योग्य व का? आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या? धोके कोणते? आहार, व्यायाम वा वजन घटविणारी इंजेक्शने हा पर्याय मला आहे काय? नंतर तपासणीस किती वेळा यावे लागेल? शस्त्रक्रियेनंतर प्रथिने पुरेशी घ्यावी लागतात आणि बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर चालू राहतात, हे घरच्यांनीही ऐकावे. तरुण भगिनींनी साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, याविषयीही बोलून घ्यावे.

पैशाचा प्रश्न आधीच सोडवावा. एकूण खर्च लेखी मागावा. विमा असल्यास अट वाचावी. सर्वसाधारणपणे बीएमआय ४०, किंवा ३५ व सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार वा झोपेतील श्वासरोधासारखा गंभीर आजार, अशी ती असते. शासकीय योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे. पहिल्या भेटीत होकार देण्याची सक्ती नसते. घाईने दागिने मोडू नयेत वा सावकाराचे दार धरू नये. मिरज वा कोल्हापूरला आणखी एका डॉक्टरांचे मत घेण्यात कमीपणा नाही.

शेवटी समाजबांधवांस विनंती. विहारात वा लग्नसमारंभात कोणाच्या अंगावरून विनोद करू नये, "एवढ्याने काय होतंय" म्हणून ताटात आग्रहाने वाढू नये. आपल्यातील कोणी डॉक्टरांकडे निघाले, तर एक दिवस काढून त्यांच्याबरोबर जावे. राजाला एक सुदर्शन लाभला होता, आपल्या वस्तीतही तसा कोणी प्रत्येकाच्या पाठीशी उभा राहो. सर्वांना आरोग्य लाभो. जयभीम!