एकाएकी एकाचे दोन दिसू लागल्यास

डोळ्यांची तक्रार म्हटली की, ग्रामीण भागात प्रथम आठवतात त्या दोन गोष्टी : मोतीबिंदू आणि चष्मा. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे महत्त्व खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले, ही समाधानाची बाब होय. परंतु एक तक्रार अशी आहे की, तिला पुढील नेत्रशिबिराची वाट पाहता येत नाही. ती म्हणजे एकाएकी एका वस्तूच्या जागी दोन वस्तू दिसू लागणे. वैद्यकीय परिभाषेत हिला द्विदृष्टी असे म्हणतात. तक्रार डोळ्याची वाटली, तरी तिचे मूळ पुष्कळदा मेंदूत, मज्जातंतूंत, रक्तवाहिन्यांत, तर कधी अंगात भिनलेल्या विषात असते. म्हणूनच जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांनी तिची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

दोन डोळे, एक चित्र

प्रत्येक नेत्रगोल सहा स्नायूंच्या साहाय्याने फिरतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या तीन जोड्या या स्नायूंना आज्ञा देतात. दोन्ही डोळे एकाच बिंदूवर रोखले गेले म्हणजे मेंदू दोन चित्रांचे एक चित्र करतो. यांपैकी एखादा स्नायू वा मज्जातंतू दुबळा झाला की, एक डोळा मागे राहतो आणि एकाचे दोन दिसू लागतात.

घरच्या घरी करावयाची पारख

रुग्णास समोरच्या वस्तूकडे पाहण्यास सांगून आधी एक व नंतर दुसरा डोळा तळहाताने झाकावा. कोणताही एक डोळा झाकताच दुहेरी दिसणे थांबत असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे असे समजावे. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात दाखविणे आवश्यक आहे. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दुहेरी दिसतच राहिले, तर मोतीबिंदू, बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा दोष अथवा चष्म्याचा नंबर ही कारणे संभवतात. त्यासाठीही नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मात्र तेथे सहसा तातडी नसते.

नेहमी आढळणारी कारणे

चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या व्यक्तींत मधुमेह आणि रक्तदाब ही प्रमुख कारणे होत. मज्जातंतूला रक्त पुरविणारी सूक्ष्म वाहिनी बंद पडते आणि डोळा एका बाजूस वळेनासा होतो. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे, हे या निमित्तानेच प्रथम कळते. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास असा दोष बहुधा तीन महिन्यांच्या आत भरून येतो. परंतु हे मधुमेहाचेच आहे, हा निर्णय डॉक्टरांनी तपासणीनंतर करावयाचा असतो. आपण घरी बसून करावयाचा नव्हे.

दुसरे कारण पक्षाघाताचे. दुहेरी दिसण्याबरोबर तोल जाणे, बोलणे जड होणे, तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळे पडणे अशी लक्षणे दिसली, तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते व त्यापूर्वी मेंदूचे सी. टी. स्कॅन करावे लागते. एका डोळ्याची पापणी पडून त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल आणि डोके असह्य दुखत असेल, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आल्याची शक्यता असते. हाही आणीबाणीचाच प्रसंग होय.

मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यास एकत्र येतात. अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर वरवर जखम नसतानाही दुहेरी दिसू लागले, तर दुर्लक्ष करू नये. २०२१ साली कोविडच्या साथीनंतर मधुमेही रुग्णांत म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आढळला. गालफड दुखणे, डोळा सुजणे, नाकातून काळसर स्राव येणे आणि दुहेरी दिसणे ही त्याची लक्षणे. सकाळी ठीक व सायंकाळी पापण्या जड होऊन दुहेरी दिसत असेल, तर स्नायूंच्या मायस्थेनिया या विकाराची तपासणी करावी लागते. थायरॉइड ग्रंथीच्या दोषानेही असे होते.

पावसाळ्यातील विशेष धोका

कापूस व केळीच्या या प्रदेशात राखणीसाठी वा रात्री पिकाला पाणी देण्यासाठी शेतात मुक्काम करावा लागतो. जमिनीवर झोपलेल्या माणसास मण्यार हा साप चावल्यास वेदना व सूज जवळजवळ नसते. दंशाची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, दुहेरी दिसते, गिळता येत नाही आणि अखेर श्वास मंदावतो. हे जागरणाचे, अपचनाचे किंवा बाहेरच्या बाधेचे लक्षण मानण्यात गेलेला वेळ प्राणावर बेततो. नागाच्या दंशानेही पापण्या पडतात. मात्र तेथे जागा दुखते व सुजते.

अशा वेळी जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. रुग्णास चालवू नये. धीर देऊन आडवे ठेवावे. गिळता येत नसल्यास पाणीसुद्धा पाजू नये आणि कुशीवर झोपवावे. प्रतिविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास हेच यावरील उपचार होत. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा साधा उपाय बहुमोल आहे.

कपाशीवरील फवारणीनंतर धूसर दिसणे, घाम व लाळ सुटणे ही विषबाधेची लक्षणे होत. औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

कोठे जावे?

तातडीच्या लक्षणांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सर्पदंशात जवळच्या शासकीय रुग्णालयात प्रतिविष सुरू करून घेऊनच पुढे जाणे हिताचे. धुळे येथे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगाव येथेही २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पक्षाघाताच्या रुग्णास मात्र सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट न्यावे. लक्षणे किती वाजता सुरू झाली, रुग्ण कोणती औषधे घेतो आणि आधीचे आजार कोणते, हे कागदावर लिहून द्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व आधार कार्ड जवळ असावे. परंतु कागदपत्रांसाठी रुग्णास थांबवून ठेवू नये.

बरे होईपर्यंत

उपचार चालू असताना एका डोळ्यावर पट्टी लावल्याने अथवा चष्म्याच्या एका काचेवर अपारदर्शक चिकटपट्टी लावल्याने दुहेरी दिसणे तात्पुरते थांबते. मुलांच्या बाबतीत हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. दुहेरी दिसत असताना मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालविणे, विहिरीत उतरणे, कडबाकुट्टी यंत्रावर काम करणे टाळावे. पट्टी लावल्यावरही अंतराचा अंदाज चुकतो, हे ध्यानात ठेवावे. दोष टिकून राहिल्यास लोलक बसविलेला चष्मा उपयोगी पडतो; डोळ्याची स्थिती काही महिने स्थिर राहिल्यावर शस्त्रक्रियेचाही विचार करता येतो.

गावाची जबाबदारी

वर्गात एखादा विद्यार्थी नव्याने मान तिरकी करून किंवा एक डोळा मिटून फळ्याकडे पाहू लागला, तर शिक्षकांनी त्याला बेशिस्त न समजता पालकांना कळवावे. डोकेदुखी व उलटी असल्यास विलंब करू नये. ग्रामपंचायतीने १०८ हा क्रमांक व जवळच्या रुग्णालयाचे नाव दर्शनी फलकावर लिहावे, आणि रात्री-अपरात्री उपलब्ध होणाऱ्या वाहनाची सोय पावसाळ्यापूर्वीच निश्चित करावी. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर आशा कार्यकर्तीचे याकामी मोठे साह्य होईल.

दुहेरी दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचा आजार गंभीर असतोच असे नाही. तथापि, तो गंभीर आहे किंवा नाही हे ठरविण्याची जागा रुग्णालय ही आहे. तेथे वेळेवर पोहोचविणे एवढे कार्य गावाने केले, तरी कित्येकांची दृष्टी आणि काहींचे प्राणही वाचतील.