पिकअपचे कूलंट : रंग नव्हे, प्रकार पाहा

नाशिकचा भाजीपाला कांजूरमार्गला उतरवून परतणाऱ्या पिकअपची खरी परीक्षा कसारा घाटाच्या चढावर होते. रेडिएटरमध्ये विहिरीचे जड पाणी भरल्यास क्षार साचून नळ्या चोंदतात, इंजिन तापते व हेड गॅस्केट जळते. म्हणून कूलंटच वापरावे.

कूलंटचा रंग कंपनीनुसार बदलतो. निवड वाहनाच्या पुस्तिकेतील प्रकारानुसार करावी. असेंद्रिय क्षारांचे व सेंद्रिय आम्लांचे कूलंट एकत्र करू नये. गंजरोधक गुण घटतो. प्रकार बदलताना जुने पूर्ण काढून रेडिएटर धुवावा. मूळ कूलंटमध्ये सामान्यतः तेवढेच डिस्टिल्ड पाणी मिसळावे. तयार मिश्रणात मिसळू नये. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट जनावरांपासून दूर ठेवावे.