तवा माझा, कमिशन कुणाचं?

चार वर्षांपूर्वी माझ्या ब्लॉगवर बिडाच्या तव्याबद्दल लिहिलं होतं. नवा तवा तेल लावून चार-पाच वेळा तापवायचा, पहिली दोन घावनं चिकटणारच, तेवढ्यावरून तो माळ्यावर टाकू नका, असं बरंच काही. खाली एका शॉपिंग साइटची लिंक दिली. माझा त्यात एक पैशाचा स्वार्थ नव्हता.

मागच्या दिवाळीत एका वाचक बाईंचा निरोप आला. ‘ताई, कमिशन घेता तर तसं लिहायचं ना. आम्ही तरीही घेतलाच असता.’ ते ‘तरीही’ फार लागलं. मी तणतणत उत्तर दिलं, आणि तिथेच चुकले.

कारण भाच्याने स्वतःच्या मोबाइलवर, लॉगइन न करता, तीच लिंक दाबली. क्षणभर पांढरा पडदा, वर कुठला तरी अनोळखी पत्ता, आणि मग तवा. त्या पानाच्या पत्त्याला शेपूट फुटलेलं: ‘टॅग’, बरोबरचं चिन्ह आणि कुणाचा तरी भलताच कोड. माझ्या मजकुरात लिंक जशीच्या तशी होती. बदल होत होता तो वाचकाने बोट टेकवल्यावर, पानात दडवलेल्या स्क्रिप्टमुळे. दुकान त्या कोडवाल्याला कमिशन देतं. गिऱ्हाइकाला किंमत तेवढीच पडते, म्हणून कुणी बोंब मारत नाही.

हा प्रकार नवा नाही. २०१० मध्ये लाइव्हजर्नलवर आणि २०१२ मध्ये पिंटरेस्टवर असंच उघडकीला आलं होतं. पिंटरेस्ट त्यासाठी स्किमलिंक्स नावाच्या कंपनीची सेवा वापरत होतं. माझ्या प्लॅटफॉर्मने तर सेटिंगमध्ये ‘मॉनेटायझेशन’खाली टिक आधीच करून ठेवली होती. अटी मी मान्य केल्या होत्या म्हणे. केल्याही असतील, वाचतं कोण!

तर तुम्ही एवढं करा. आपली जुनी पोस्ट दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. आपल्याच कॉम्प्युटरवर बघायची तर प्रायव्हेट विंडोत, लॉगआउट होऊन. लिंकवर नुसता माउस नेऊन काही कळत नाही, ती दाबावीच लागते. शेवटी उघडलेला पत्ता आणि आपण टाकलेला पत्ता शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकच लिंक बघून थांबू नका. सगळ्या दुकानांच्या लिंक बदलतातच असं नाही. सेटिंगमध्ये ते बंद करता येत नसेल तर लिंक काढा, वस्तूचं नाव पुरे. आणि स्वतः कमिशन घेत असाल तर पोस्टच्या माथ्यावर लिहा. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी २०२३ च्या सूचनाही हितसंबंध ठळकपणे सांगा असंच म्हणतात.

त्या बाईंची मी माफी मागितली. टिक काढली, लिंकही काढली. तवा मात्र खरंच चांगला आहे. भांड्यांच्या दुकानात जाऊन दहा इंची, जाड बुडाचा मागा.