शहरातील वाहतूक आणि मोटारीचे भवितव्य

धनज हे कारंजा तालुक्यातील माझे गाव. तेथून मी रोज एस.टी.ने महाविद्यालयात येते. सकाळची गाडी चुकली की पहिले दोन तास बुडालेच. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे अर्थशास्त्राच्या वर्गात नागरीकरणाचा विषय निघाला, तेव्हा मला प्रश्न पडला : ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही, त्याने उद्याच्या शहरात फिरायचे कसे?

याच्या अभ्यासासाठी मुंबईसारखे उदाहरण नाही. तेथे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम, १९०७ मध्ये विजेची ट्राम व १९२६ मध्ये बस आली. म्हणजे सामान्य माणसाला मोटार परवडण्याच्या कितीतरी आधी हे शहर सार्वजनिक वाहनांवर वाढले. गिरणी कामगार काय, कारकून काय, त्यांच्याच आधाराने कामावर पोहोचत. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. पुढे मोटारी वाढत गेल्या आणि रस्ते अपुरे पडू लागले.

असे का व्हावे? थोडे गणित मांडू. चाळीस माणसे एका बसमध्ये बसतात. ती बस साधारण बारा मीटर लांब असते. तीच माणसे दोघे-दोघे मोटारीने निघाली तर वीस मोटारी लागतील. चार मीटरची एक मोटार धरली, तर एकीला एक चिकटून उभ्या केल्या तरी ऐंशी मीटर रस्ता व्यापेल!

विजेच्या मोटारी आल्या की प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. त्या धूर सोडत नाहीत हे खरे, परंतु जागा तेवढीच अडवतात. मोबाईलवरून टॅक्सी बोलावता येत असल्याने शहरात स्वतःची मोटार घेण्याची गरज कमी होईल, हेही शक्य आहे. पण रोजच्या टॅक्सीचे भाडे मजुराला कसे परवडावे? बेस्ट बसचे किमान भाडे २०१९ मध्ये पाच रुपये झाले होते, ते मे २०२५ मध्ये दहा झाले. ज्याला दिवसातून दोन-तीन बसगाड्या बदलाव्या लागतात, त्याला हा फरक जाणवतोच.

मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. आमच्या तालुक्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला; त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. दोन्ही कामे मोठीच. पण मेट्रोत तिकीट काढून कोणीही बसू शकतो. महामार्गाचा लाभ मात्र मोटारवाल्यालाच अधिक.

मी मोटारीची वैरीण नव्हे. रात्री-अपरात्री गावात कोणी आजारी पडले, तर कुणाची तरी गाडीच धावून येते. परंतु मोटार ही अडीनडीची सोय असावी, रोजच्या जगण्याची अट नसावी.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे झाले. तेव्हापासून माझी आई कारंजाच्या बाजाराला एकटी जाऊ लागली. ती म्हणते, “यष्टी हाये म्हून तुहं कॉलेज हाये, माय.” तिने शाळा पाहिली नाही, पण वाहतुकीचा हा धडा तिला माझ्याआधी कळला. शहर किती पुढारले हे त्याच्या मोटारी मोजून नव्हे, तर वाहन नसलेला माणूस तेथे वेळेवर पोहोचतो की नाही, यावरूनच ठरवावे.