काडतुसाची निवड : मोठे की योग्य?

गेल्या वर्षी एन.सी.सी.च्या शिबिरात पंचवीस मीटरवर पॉइंट टू-टू रायफलीने पाच गोळ्या झाडायला मिळाल्या. पाचही पाच दिशांना गेल्या आणि नेमबाजी संघातील माझी निवड हुकली. मी उस्तादांना म्हणालो, "काडतूस मोठे असते तर?" ते हसले. "आधी काडतूस म्हणजे काय ते समजून घे," एवढेच म्हणाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी विचारणार कोणाला? मी ग्रंथालय गाठले. तेथे जे उमगले ते मित्रांपुढे ठेवतो.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्यातील दारू, ठिणगी पाडणारे स्फोटक आणि तोंडाशी बसवलेली गोळी. दूरच्या नेमबाजीत गोळी किती जोराने सुटते यापेक्षा तो वेग ती किती टिकवते, हे महत्त्वाचे. पॉइंट टू-टूची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, स्पर्धेसाठीची बहुधा ध्वनीपेक्षा कमी वेगाने सुटते. ५० मीटरवर ती उत्तम. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच छोट्या काडतुसावर.

इंग्लंडातील बिस्ली येथे मात्र १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर नेम धरतात. तेथे .३०८ विंचेस्टर हे काडतूस रुळलेले आहे. एवढ्या अंतरावर गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरतो आणि काही गोळ्या डगमगू लागतात. म्हणून १६८ ग्रेनच्या जुन्या गोळीऐवजी १७५ ग्रेनची गोळी पुढे आली.

२००७ साली आलेल्या ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी वजनाने हलकी, पण सडपातळ व लांब असल्याने वारा अधिक चांगला कापते. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १००० यार्डांवर .३०८ची गोळी दोन मीटरांहून अधिक ढळते, ६.५ची साधारण दोन मीटरांच्या आत राहते. शिवाय खांद्याला धक्का कमी.

मग सर्वांनी ६.५ घ्यावे काय? तसे नाही. एफ-टी.आर. या स्पर्धाप्रकारात .२२३ आणि .३०८ हीच दोन काडतुसे चालतात. .३०८ची नळीही जास्त काळ टिकते. म्हणून अंतर, स्पर्धेचा नियम, वारा, धक्का आणि खर्च, या क्रमाने विचार करावा. आकार पाहून भुलू नये.

पंचवीस मीटरवर यातील वारा नाही, धक्का नाही. माझ्या गोळ्या भरकटल्या त्या माझ्या श्वासामुळे आणि चाप ओढण्याच्या घाईमुळे. यंदाच्या शिबिरातही पाचच गोळ्या मिळतील, काडतूसही तेच असेल. या वेळी त्याला दोष देणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला